गादीवरचं प्लास्टिक

मावशींना मावशी कधीपासून म्हणायला लागले, ते संस्थेत कुणालाच नक्की आठवत नाही. कामाला लागल्या तेव्हा त्या ताई होत्या. मध्ये कधीतरी केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, आणि एका सकाळी नव्याने आलेल्या साहेबांनी "मावशी, जरा या" अशी हाक मारली. त्यांच्या मुलाच्या वयाचे असते हे साहेब, मुलगा असता तर. तेव्हापासून ताईची मावशी झाली; रोज चढायचे जिने मात्र तेवढेच राहिले.

संस्थेचं काम सांगायला सोपं आहे. पुलाखाली, फुटपाथवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर राहणारी माणसं आधी निवाऱ्यात आणायची, त्यांचे कागदपत्र करून द्यायचे, आणि रांगेत नंबर लागला की एका खोलीची किल्ली त्यांच्या हातात ठेवायची. आसपासच्या पाच गावांत मिळून अशा एकशे चाळीस खोल्या आहेत. किल्ली द्यायच्या दिवशी सगळे हजर असतात; साहेब असतात, देणगीदार असतात, फोटो काढणारा तर असतोच असतो. पुढे तो माणूस त्या खोलीत टिकतो की पळतो, हे बघायला मात्र मावशी एकट्या. एकोणीस वर्षं पायाला भिंगरी लावून त्या हेच करत आल्या होत्या. जिना चढायचा, दार वाजवायचं, "काय, कसं चाललंय?" विचारायचं, जिना उतरायचा. हल्ली उत्तर ऐकायच्या आधीच त्यांना उतरायच्या पायऱ्या दिसायच्या.

त्या स्वतः राहायच्या भावाकडे. नवरा गेल्यावर चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, त्याला बावीस वर्षं झाली. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर त्यांची झोपायची सोय. भाचीच्या शिकवणीची मुलं सकाळी साडेसहाला यायची, म्हणून मावशी साडेपाचला उठून चादर घडी करून दिवाणाखाली सरकवायच्या आणि वर खोळ ताणून ठेवायच्या. कंगवा पर्समध्ये, कारण आरशापुढची फळी भरलेली. वहिनी वाईट नव्हती हो, अजिबात नाही. कधी एका शब्दाने बोलली नाही. पण न बोलणाऱ्या माणसाच्या घरात आपणच आपल्याला बोलत राहतो, तसं त्यांचं झालं होतं.

आता त्या कागदाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यानेच घातला. आठेक वर्षांपूर्वी एका गाडीवानाने किल्ली घेतली, खोलीला कुलूप लावलं आणि दुसऱ्याच गावी निघून गेला. मावशी दर महिन्याला बंद दाराकडे बघून "कामावर गेला असेल" असं लिहून येत राहिल्या. सात महिने खोली रिकामी, आणि रांगेत पुढचा नंबर असलेलं म्हातारं जोडपं तोवर बसथांब्यावर. त्यातला म्हातारा तिथंच गेला. मावशींनी ते फार मनाला लावून घेतलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी स्वतः बसून एक कागद तयार केला आणि त्याला नाव दिलं वापराचा कागद. पाच प्रश्न. गादी वापरात आहे का? शेगडी पेटते का? न्हाणी ओली आहे का? कपाटात कपडे आहेत का? डब्यात केर आहे का? लागोपाठ तीन भेटींत पाचही ठिकाणी 'नाही' आलं, तर खोली रांगेतल्या पुढच्या माणसाला. साहेबांना कागद इतका आवडला, की त्यांनी तो नियमच करून टाकला.

आणि त्या कागदावर आता रंगारी आला होता.

रंगारी साठीचा, काटकुळा, बोटांच्या पेरांत चुना मुरलेला. उमेदीत मोठमोठ्या इमारती रंगवल्या. मग दम्याने धरलं, बायको गेली, घर गेलं, आणि अकरा वर्षं पुलाखाली काढली. निवाऱ्यात वर्षभर राहिला तेव्हा त्याच्याबद्दल एक तक्रार नव्हती. इतका शांत, की जेवायला वाढताना त्याला दोनदा विसरले होते. दोन महिन्यांपूर्वी त्याला तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. मावशी दोनदा जाऊन आल्या, दोन्ही वेळा दुपारी तीनला. दार वाजवलं, उत्तर नाही, म्हणून नियमाप्रमाणे संस्थेकडच्या दुसऱ्या किल्लीने उघडलं. आत गादी दुकानातून आली तशी प्लास्टिकमध्ये. शेगडी कोरी, भांड्यांवर किमतीची चिठ्ठी तशीच, न्हाणी कोरडी ठणठणीत, कपाट रिकामं, डब्यात केराचा कण नाही.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. मावशींनी त्यांना विचारलं.

"राहतोय का तो? काय सांगू बाई," मशीन न थांबवता त्या म्हणाल्या. "पावलं वाजत नाहीत, नळ वाजत नाही. भूत राहिलं असतं तरी त्याने एखादी खुर्ची सरकवली असती."

साहेबांनी दिनदर्शिकेवर बोट ठेवलं. "मावशी, गुरुवारपर्यंत तिसरी भेट उरका. इस्त्रीवालीला मी सांगून ठेवलंय."

इस्त्रीवाली म्हणजे रांगेतली पुढची. आई अंथरुणाला खिळलेली, तिला घेऊन निवाऱ्याच्या कोपऱ्यात पडदा लावून राहायची. खोली मिळणार म्हटल्यावर त्याच संध्याकाळी तिने सामानाची तीन बोचकी बांधली होती. मावशींना पाहिलं, की ती काही विचारायची नाही, नुसती उठून उभी राहायची. ते उभं राहणं मावशींना सहन व्हायचं नाही.

गुरुवारी मावशींना दहा वाजता गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं. म्हणून, आणि केवळ म्हणून, त्या सकाळी पावणेसातला रंगाऱ्याच्या दारात उभ्या राहिल्या. कुठलं पुण्य गाठीला बांधायला नाही. एकदाची ब्याद टळावी म्हणून. कागद आधीच काढून हातात धरला होता. पाचही 'नाही' जिन्यातच लिहून टाकावेत, असंही एकदा मनात येऊन गेलं.

दार वाजवलं. उत्तर नाही. किल्ली फिरवली, दार ढकललं, तर ते चार बोटं उघडून अडलं. पलीकडे काहीतरी मऊ होतं. मावशींनी खांदा लावला.

आतून, झोपेतूनच, घाईघाईने आवाज आला, "उठतो, उठतो साहेब. जातोच मी."

मावशींचा खांदा तिथेच राहिला.

"दादा," त्या म्हणाल्या, "मी आहे. संस्थेतली मावशी."

दार उघडलं तेव्हा रंगारी उभा होता. अर्धं मिनिटही झालं नसेल, पण चादर गुंडाळून काखेत, पिशवी खांद्याला, चपला हातात. अकरा वर्षांत अंगात मुरलेली सफाई ती. दारामागे फरशीवर पुठ्ठा अंथरलेला होता, तो त्याने पायाने भिंतीशी सरकवला.

"माफ करा मावशी. आज डोळा लागून राहिला. एरवी सहाच्या आत निघतो मी."

"निघता? कुठं?"

"बाहेर."

"काम सहाला असतं का?"

"काम नऊला. पण सकाळी निघायचं असतं ना," तो म्हणाला. "निवाऱ्यातली पाटी मीच तर रंगवलीय. 'अंथरूण गुंडाळा, मागे काही ठेवू नका.' अक्षरांचा साचा न लावता, नुसत्या हाताने काढलीत."

ती पाटी मावशींना पाठ होती. निवाऱ्यात असताना रोज सकाळी ती मोठ्याने वाचून दाखवायचं काम त्यांच्याचकडे होतं.

"आणि ही खाट कशाला दिलीय तुम्हाला? दाराशी कसले झोपता?"

"गादी नवी आहे मावशी. डाग पडला तर परत देताना पंचाईत." त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही दोनदा तपासून गेलात ना? मला कळलं. तुमच्या गुडघ्याच्या मलमाचा वास राहिला होता खोलीत. म्हटलं, बघतायत आपण काय नासधूस करतो ते. मग मी आणखी जपायला लागलो. न्हाणी फडक्याने कोरडी करतो. केर पिशवीतून खाली नेतो. शेगडी लावलीच नाही. ताज्या भिंतीला वाफ लागली की कळा जाते तिची. त्या खिडकीखाली एक ओरखडा होता, माझा नव्हे, आधीचा, पण म्हटलं आपल्या नावावर नको. तोही भरून टाकला."

मावशी खाटेवर बसल्या. बसल्या कसल्या, पडल्याच. प्लास्टिक कराकरा वाजलं आणि रंगाऱ्याने हात पुढे केला, मग मागे घेतला.

"अहो, पण म्हणूनच तर खोली जायची पाळी आलीय तुमची!" मावशींचा आवाज चढला, आणि राग नक्की कुणावर काढावा ते त्यांना कळेना. त्यांनी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो खिडकीशी नेऊन, प्रत्येक ओळीवर बोट ठेवत, सावकाश वाचला.

"म्हणजे," शेवटी तो म्हणाला, "घाण करायची होती?"

"घाण नाही हो. राहायचं होतं."

"ते कसं करायचं?"

प्रश्न सरळ होता. त्याने काही टोमणा मारला नव्हता. मावशी सांगायला लागल्या, की म्हणजे कसं, आपलं आपलं सामान मांडायचं, हवं तिथं टाकायचं, हवं तेव्हा उठायचं. बोलता बोलता त्यांनी मांडीवरची पर्स सरकवली. पर्समधला कंगवा त्यांच्या मांडीला टोचत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा कागद आपण लिहिला, हे तर झालंच. पण ज्या गोष्टीची परीक्षा आपण एकशे चाळीस खोल्यांमधून घेत हिंडतो, ती गोष्ट आपल्याला तरी कुठं येते? त्यांना स्वतःची भयंकर कीव आली, आणि मग कीव करायचाही कंटाळा आला.

त्यांनी किल्लीचं टोक गादीच्या कडेला खुपसलं आणि टरकन प्लास्टिक फाडलं. रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले. टाके घालून घेताना माणूस मिटतो तसे.

"झालं," मावशी म्हणाल्या. "आता परत द्यायचा प्रश्न मिटला. जा, खालून दूध आणि चहाची पूड आणा. चहा करा. आणि उतू गेला तर जाऊ द्या, पुसायचा नाही. मला तो डाग बघून जायचंय."

"पुसायचा नाही?"

"नाही म्हटलं ना!"

तो चपला हातात घेऊन निघाला. दारात थांबला, मावशींकडे पाहिलं, आणि चपला पायात घातल्या. जिन्यावरून त्याची पावलं खालपर्यंत ऐकू येत गेली. शिवणयंत्र मध्येच थांबलं.

मावशींनी नुसती पाठ टेकली. गादी नवी, कडक, कारखान्याचा वास असलेली. खिडकीतून ऊन यायला लागलं होतं. भरलेला ओरखडा शोधायचा म्हणून त्यांनी भिंतीकडे नजर लावली, आणि तो काही केल्या सापडेना. इतकं बेमालूम काम त्यांनी कुणाच्या घरात पाहिलं नव्हतं. तो शोधता शोधताच त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती भांड्याच्या आवाजाने. ऊन पायांवरून पोटापर्यंत सरकलं होतं. कुठं आहोत ते कळेना. कुणाचं तरी घर, कुणीतरी उठलंय, आपण अजून लोळतोय, एवढंच कळलं. मावशी धडपडत उठून बसल्या, हात चादरीच्या घडीसाठी चाचपडायला लागला.

"उठते, उठते," त्या म्हणाल्या. "जातेच मी."

शेगडीपाशी रंगारी पाठमोरा उभा होता. दूध उतू जाऊन शेगडीवर, ओट्यावर पसरलं होतं आणि एक ओघळ पांढऱ्या भिंतीवरून खाली गेला होता. त्याच्या हातात फडकं होतं, पण पुसलं नव्हतं. तो वळला.

"पडा हो मावशी," तो म्हणाला. "दूध पुन्हा आणलंय, चहा व्हायचाय अजून. माझ्या घरात कुणी कुणाला उठवत नाही."

तो काय बोलला ते त्याच्या लक्षात आलं नाही. तो पुन्हा शेगडीकडे वळला होता. मावशींनी मात्र ते 'माझ्या घरात' नीट ऐकलं होतं. त्यांनी जमिनीवर पडलेला कागद उचलला. गादी: आहे. शेगडी: आहे. उरलेल्या तीन ओळींकडे त्यांनी पाहिलं, आणि तिथंही 'आहे' लिहिलं. एकोणीस वर्षांत कागदावर जाणूनबुजून खोटं लिहायची त्यांची ही पहिलीच वेळ.

अवघड होतं ते पुढेच. डॉक्टरकडून थेट निवाऱ्यात जायचं होतं. पडद्याआड तीन बोचकी बांधलेली, आणि इस्त्रीवाली त्यांना बघून उठून उभी राहणार होती. ही खोली मिळायची नाही, हे तिला साहेब सांगणार नव्हते, मावशीच सांगणार होत्या. आणि तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. यातून वाट काढणारा प्रश्न कुठल्याच कागदावर नव्हता. मावशींना तो सुचतही नव्हता.

"पाचच मिनिटं हं," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडव्या झाल्या. रंगाऱ्याने शेगडी बारीक केली आणि झाकण अजिबात आवाज न करता भांड्यावर ठेवलं.