तिसऱ्या जिन्याचा अर्ज

ओतीलिया शेगडीवर सार्डिन उलटत होती, तेवढ्यात महापालिकेच्या बाईनं माइक हातात घेतला. जूनचा सण, लिस्बनभर धूरच धूर. वस्तीत कागदी पताका, आणि तिसऱ्या जिन्याला धरून चढायला नवाकोरा लोखंडी दांडा. महापालिका वस्त्यांना छोट्या कामांसाठी पैसे देते, त्यातला. जेवणाचा खर्चही त्यातलाच. अर्ज ओतीलियानं लिहिलेला.

"अगं, मासे करपले!" वस्तीतला जासिंतु ओरडला. "आज तुझं कौतुक, म्हणून आम्ही कोळसा खायचा का?"

"गप रे फुकट्या. खा मुकाट."

ओतीलिया नववीतच शाळा सोडलेली. पहाटे बँकेच्या फरश्या पुसते. पण वस्तीतल्या कुणाचंही काही अडलं की कचेरीत जाऊन भांडणार तीच. तिची दोन्ही पोरं वाढवली तिसऱ्या मजल्यावरच्या अदोझिंदामावशीनं. मावशीचे गुडघे गेले, म्हणून तर दांडा.

मावशीचा मुलगा एल्देर चार वर्षं तुरुंगात. सगळ्यांना ठाऊक, पण कुणी बोलत नाही. एल्देर फ्रान्सला आहे, बस्स. पावाच्या दुकानात विचारतात, "काय मावशी, फ्रान्सला थंडी आहे का?" मावशी म्हणते, "असणारच की."

अर्जात एक रकाना होता, तुमच्या लोकांची अडचण काय? जितकं रडगाणं मोठं तितके पैसे नक्की, असं सगळे म्हणायचे. ओतीलियानं गायलं रडगाणं. मावशीचं नाव टाकलं नाही, एवढीच काय ती अक्कल.

आता माइकवरची बाई तेच गहिवरून वाचत होती. "तिसऱ्या मजल्यावर एक विधवा. अक्षरओळख नाही. मुलगा तुरुंगात. तिला हात धरायला कुणी नाही."

तिसऱ्या मजल्यावर घरं दोनच. दुसऱ्यात जासिंतु, आणि तो काही विधवा नाही.

कुणी मावशीकडे बघितलं नाही. सगळे एकदम मासे खायला लागले. मावशीनं आपला पाव खाली ठेवला, हात पुसले आणि उठली. ओतीलिया हातातल्या चिमट्यासकट तिच्या मागे धावली.

"मावशी, ते पैशांसाठी गं. तसं लिहावं लागतं."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

मावशी जिन्याशी थांबली. "तुरुंगाचं लिहिलंस, लिही. खरंच आहे. पण हात धरायला कुणी नाही? मग इतकी वर्षं तू कोण होतीस गं?"

मावशी भिंतीला हात लावत लावत वर गेली. दांड्याला शिवलीसुद्धा नाही.

त्यानंतर पावाच्या दुकानात फ्रान्सचं नाव कुणी काढलं नाही. मावशी दिसली की ओतीलिया रस्ता बदलायची. कचेरीत कुणासाठी भांडायला जायचीही तिला लाज वाटायला लागली.

हिवाळ्यात पावत्या द्यायला मात्र जावंच लागलं. तिथला कारकून चहा ढवळत सहज बोलून गेला, "तुमच्या वेळी पाच वस्त्यांपुरते पैसे होते, बाई, आणि अर्ज आले तीन. नुसतं 'दांडा पाहिजे' लिहिलं असतं, तरी मिळाला असता."