डोकं जळेपर्यंत

खरात मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मेलेल्या नीलगाईच्या डोक्यावर एक पाय रोवून कुऱ्हाड उगारत होत्या. पदर कमरेला खोचलेला, वर रबरी एप्रन, हातात कोपरापर्यंत मोजे. तिसऱ्या घावाला कवटी उलली आणि त्यातलं काहीतरी माझ्या शर्टावर उडालं. मी नोकरीवर हजर व्हायला गेलो होतो, शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा. "बघत काय उभा राह्यलास? धर की इकडून!" ही आमची ओळख. तो शर्ट मी पुन्हा काही घातला नाही.

त्या पशुवैद्य. रानातल्या जनावरांच्या पोटातले, मेंदूतले किडे हा त्यांचा विषय. औरंगपुऱ्याच्या मागच्या एका गल्लीत आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. एका खोलीत बरण्या, दुसरीत मॅडमचा आवाज. कुठं हरीण, कोल्हा, रानडुक्कर मेलेलं सापडलं की फोन यायचा आणि आम्ही जीप काढायचो. कुऱ्हाड त्यांनी गुलमंडीच्या बाजारातून स्वतः पारखून आणलेली होती. दुकानदारानं "ताई, लाकडं फोडायला का?" असं विचारलं, तर या म्हणे, "न्हाई, डोस्की." त्यानं बिचाऱ्यानं भावच केला नाही.

"किडा मारत न्हाई रे देशमुख, किडा मरायला लावतो," हे त्यांचं पेटंट वाक्य. चिंकाऱ्याच्या मेंदूत एका किड्याची पाण्यानं भरलेली पिशवी वाढते, लिंबाएवढी. मग ते हरीण एकाच बाजूला गरगर फिरायला लागतं, कळपाच्या मागं पडतं, आणि कुत्री किंवा लांडगे त्याला जिवंतपणी फाडतात. ते डोकं ज्यानं खाल्लं त्याच्या आतड्यात तोच किडा फितीसारखा लांब वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, आणि गवत कोण खातं? पुन्हा हरीणच. मॅडम सांगायच्या, "ह्यो किडा म्हंजी ड्रायव्हर हाय. हरणाला बरोब्बर कुत्र्याच्या दारात नेऊन उभं करतो."

लांडग्याची त्यांना फार कणव. "लांडगा फुकट बदनाम झालाय. कळप किती वाढायचा ते ह्ये आतले ठरवतात." मग सुरी चालवून पोट उघडायच्या आणि मला वाकायला लावायच्या. एका हरिणीची कास सुकलेली, गर्भाशय रिकामं. "हिनं ह्या साली पिल्लूच धरलं न्हाई. किड्यांना पोसू का पिल्लाला?" दुसरी अजून धड वाढलेली नाही, तरी गाभण. "हिला कळलं आसंल बघ, आपलं काय खरं न्हाई म्हणून. मराय आधी एक तरी मागं ठेवायची घाई."

त्यांचा एक नियम होता, त्यात सूट नाही. तपासलेलं डोकं तिथंच जाळायचं, आणि ते पूर्ण जळाल्याशिवाय कुणी हात धुवायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणायच्या, "माणसानं एकदा हात धुतले की काम संपलं असं त्याला वाटतं. मग तो परत घाणीत हात घालत न्हाई. आन कुत्रं वाटच बघत बसल्यालं आसतं." म्हणून उन्हात, रक्तानं चिकट झालेल्या हातांवर माश्या घेऊन आम्ही कवटीची राख होईपर्यंत उभे राहायचो. मी मनात शिव्या घालायचो. खोटं कशाला सांगू?

एकदा जीपमध्ये त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. त्यांच्या आज्यानं बाबासाहेबांचं ऐकून गावातली मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं त्याला चावडीपुढं काठ्यांनी बडवला, पाय कायमचा मोडला. तरी त्यानं ढोराला हात लावला नाही. "आन त्याची नात पगार घेऊन ढोरं फाडती. माझा बाप वर्षभर माझ्याशी बोलला न्हाई. मी म्हनलं, आबा, तुमच्यावर ते लादलं व्हतं, ह्ये मी शिकून घेतलंय. माझ्या मर्जीनं." सांगताना त्या समोरच्या रस्त्याकडेच बघत होत्या. मी देशमुखांच्या घरचा.

आता माझी करणी सांगतो. खुलताबादच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला एक चिंकारा कुत्र्यांनी फाडलेला सापडला. मॅडमनी जागेवरच तो उघडला, मेंदूतून वरची एक पिशवी काढली, खोल रुतलेल्या तशाच ठेवल्या, बरण्या घेऊन जीपकडे गेल्या आणि डोकं जाळायचं काम मला दिलं. लाकडं ओली, नुसता धूर. तेवढ्यात तिथले एक बागायतदार आले. नाव घेत नाही, घेण्याची लायकी नाही. मला म्हणाले, "देशमुखसाहेब, तुम्ही कुठं ह्यात? हात धुवा, चहा घ्या. ती कामं त्यांना करू द्या, त्यांना सवय आहे." माझ्या कानशिलात तेव्हाच आग पेटायला हवी होती. पण मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं! साहेब म्हटल्याचं बरं वाटलं. मी त्यांच्या विहिरीवर साबणानं खसखसून हात धुतले आणि कपबशीतून चहा प्यायलो.

परत आलो तर शेकोटीवर डोकं नव्हतं. ओढ्याच्या कडेनं एक तांबडं कुत्रं ते तोंडात धरून पळत होतं. मी दगड मारला, लागला नाही. कुत्रं ओळखीचं होतं, तिथंच शेळ्या चारणाऱ्या हसनचाचांचं. चाचांच्या पन्नासेक शेळ्या आणि दोन कुत्री, तेवढाच त्यांचा संसार. मी जीपपाशी गेलो. मॅडमनी विचारलं, "जळालं?"

"जळालं, मॅडम."

सहा-सात महिन्यांनी चाचांचा फोन आला. रडत होते. "मॅडम, मेरी बकऱ्यां गोल गोल फिर रई. लोगां बोलते कुत्ता पागल हो गया. मार डालेंगे, जल्दी आओ!" आम्ही पोचलो तेव्हा एक कुत्रं संपलं होतं. दगडानं जबडा चेचलेला, एक डोळा बाहेर आलेला. ते तांबडं बाभळीला बांधलेलं होतं आणि भोवती काठ्या घेतलेली पंधरा-वीस माणसं. चाचा त्याच्या अंगावर आडवे पडून ओरडत होते, "मारो नक्को! कुछ नै किया इसने!" आसपासच्यांच्या शेळ्याही फिरायला लागल्या होत्या, त्यामुळे कुणी ऐकायला तयार नव्हतं.

मॅडम सरळ घोळक्यात घुसल्या. "पिसाळल्यालं न्हाई त्ये! दावते, थांबा!" एक शेळी जागच्या जागी गिरक्या घेत होती, ती मागितली. चाचांनी तिच्यावर सुरी फिरवली, मॅडमनी कुऱ्हाड घातली. दोन घाव. फुटलेल्या कवटीतून त्यांनी ती पिशवी अलगद बाहेर काढली आणि तळहातावर धरली. आत पांढरे दाणे. "ह्यो किडा. कुत्र्याच्या पोटातनं गवतावर, गवतातनं शेळीत."

झालं! एकजण ओरडला, "म्हंजी कुत्र्यानंच केलं की! ठेचा त्याला!" काठ्या पुन्हा वर गेल्या. खरं सांगून मॅडमनी कुत्र्याचा जीव आणखीच टांगणीला लावला होता.

"आरं, पर कुत्र्याला कुठनं आला?" त्या किंचाळल्या. "कुणीतरी त्याला असलंच डोकं..." आणि थांबल्या. हळूच माझ्याकडे वळल्या. "देशमुख. त्या हरणाचं डोकं जळालं व्हतं न्हवं?"

तो बागायतदारही गर्दीत होता, खाली मान घालून. कुत्रं दोरीला हिसके देत होतं. मला पुन्हा खोटं बोलता आलं असतं. जीभ तयारही होती.

"नाही. त्याआधी मी हात धुतले."

माझ्या दिशेनं आलेली पहिली काठी मी पाहिलीसुद्धा नाही. ज्याच्या चार शेळ्या मेल्या होत्या त्या पोरानं ती हाणली होती, माझ्या टाळक्यावर नेम धरून. मॅडमनी उजवा हात मध्ये घातला. मनगट मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्या विव्हळल्या नाहीत. दातओठ खात म्हणाल्या, "बास! ह्याला मी मारीन. तुमी न्हाई." आणि डाव्या हातानं माझ्या मुस्काटात अशी दिली, की मी शेळीच्या रक्तात बसलो. पोरानं काठी टाकली. मग त्या त्याच आवाजात म्हणाल्या, "कुत्र्याला मी औषध देते. किडा पडंल. दोरी सोडा त्याची."

दवाखान्यात जाताना जीप मी चालवत होतो, हुंदके देत. खुलताबाद मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "हात कशाला धुतलेस?" मी सांगितलं, चहाला. सगळंच सांगितलं, साहेब म्हटल्याचंही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "ढोर सोडलं म्हणून माझ्या आज्याचा पाय मोडला," त्या म्हणाल्या, "आन तुला चहा पाजला." त्यापेक्षा त्यांनी दुसऱ्या गालात मारली असती तर बरं झालं असतं.

मनगट वाकडंच बसलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यांनी कुऱ्हाड माझ्यापुढं टाकली. "आता तू हाण." नोकरीवरून काढलं नाही, वर तक्रारही केली नाही. शिक्षा मात्र दिली. दर महिन्याला खुलताबादला जायचं, त्या भागातल्या कुत्र्यांना औषध चारायचं, बसून राहायचं, आणि ती हगली की सगळं गोळा करून जाळायचं. दोन वर्षं केलं मी हे. लोक हसायचे, "आले गूवाले साहेब." चाचा मात्र दर वेळी चुलीवर चहा ठेवायचे आणि म्हणायचे, "साब, पहले वो जला लो. चाय कां भागी जारई?" तांबडं कुत्रं माझ्याकडे बघून शेपूट हलवायचं. त्याला काही माहीत नव्हतं.

मॅडम गेल्या थंडीत गेल्या. सकाळी चहा करताना ओट्यापाशीच कोसळल्या. स्मशानात त्रिशरण झालं, अग्नी दिला, चिता चांगली धडधडली. थोड्या वेळानं माणसं रीतीप्रमाणे नळाकडे निघाली. त्यांच्या मुलीनं माझ्या खांद्याला हात लावला. "काका, चला. हात धुऊन घ्या."

"तू हो पुढं. मी थांबतो जरा."

आच सोसवत नव्हती, तरी मागं सरलो नाही. सगळे गेले. लाकडं खाली बसत गेली, ज्वाळा लहान होत गेल्या, आणि मी डोक्याच्या बाजूला उभा राहून बघत राहिलो. ऊन कलल्यावर तिथं नुसती राख उरली.

"जळालं, मॅडम," मी म्हणालो.

मग नळावर जाऊन हात धुतले.