साडूंच्या फाटकावरचे शिपाई

माझ्या साडूंइतका संशयी मनुष्य उभ्या बेंगळुरू शहरात दुसरा नसेल, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो; कारण लोकांचे अर्ज आणि तक्रारी लिहिण्यात माझी हयात गेली असून संशयी माणसांची मला चांगली पारख आहे. साडू एका सरकारी कारखान्याच्या फाटकावर सुरक्षा अधिकारी होते. पास विसरून आलेल्या खुद्द संचालकांना त्यांनी भर उन्हात उभे केले होते, आणि ही हकीकत प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ते नव्याने सांगत. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, फाटक मात्र सुटले नाही. हेब्बाळच्या त्यांच्या घरी मी रविवारी सकाळी जात असे. दाराच्या भिंगातून मला नीट न्याहाळूनही आतून आवाज येई, "कोण?" मी म्हणे, "मी." "मी म्हणजे कोण?" मग नाव, गाव बेळगाव, नाते आणि येण्याचे प्रयोजन असे सर्व क्रमाने निवेदन केल्यावरच कडी निघे. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आतून ओरडे, "अहो, भावजींचा उपमा थंड होतोय!" त्यावर साडू शांतपणे म्हणत, "होऊ दे. चोर भावजींचा चेहरा घेऊन येणार नाही कशावरून?"

अशा माणसाच्या रक्तात कर्करोग शिरला. आजारापेक्षा त्यांना अपमानच जास्त लागला. "अर्जनवीस, माझ्या फाटकातून हा आत गेलाच कसा?" असे ते मला पुन्हा पुन्हा विचारीत. नेहमीची औषधे देऊन झाली, रोग परतून आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी उरलेला एकच उपाय सांगितला. त्या प्रसंगी जाणकार म्हणून मी उपस्थित होतो. रक्तातल्या रक्षक पेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना रोग ओळखायला शिकवायचे, त्यांची संख्या वाढवायची आणि त्याच शरीरात परत सोडायच्या. रोगाच्या पेशीही घरच्याच, म्हणून रक्षक फसतात, असे बाई म्हणाल्या. माझा पुरता गोंधळ उडाला.

"म्हणजे वादी हेच, प्रतिवादी हेच, आणि शिपाईही यांचेच?"

"सरी सर, बरोबर, तसंच समजा."

"मग दावा कोणाविरुद्ध?"

बाई हसल्या. साडू हसले नाहीत. "माझे शिपाई वाईट नाहीत हो," ते हळूच म्हणाले, "त्यांना ट्रेनिंग मिळालं नव्हतं."

पेशींची पिशवी परत आली त्या दिवशी अक्काने इस्पितळात डब्यातून भाकरतुकडा आणला होता. लांबून घरी आलेल्यावरून तो ओवाळून टाकायचा, मग शिपायांवरून का नको? सिस्टर दारातच हात आडवा करून म्हणाली, "अक्का, आत बेडा, बेडा!" तेव्हा अक्काने काचेबाहेरूनच तो पिशवीच्या दिशेने ओवाळला. आत साडू पिशवीवरचे नाव स्वतः वाचल्याखेरीज हात पुढे करीनात. चष्मा लावून वाचले. म्हणाले, "बरोबर. सोडा आत."

पुढे ताप चढला आणि त्यामागून भ्रम. तसे होऊ शकते, असे बाईंनी आधीच बजावले होते. पण बजावणे वेगळे आणि पाहणे वेगळे. मी भेटायला गेलो, तर साडू प्रसन्नपणे म्हणाले, "या, या. बसा." माझ्यामागून फरशी पुसणारी बाई आली, तिलाही "या, या." वाऱ्याने पडदा हलला, त्यालाही "या, या." अक्का माझी बाही धरून म्हणाली, "भावजी, यांनी कोणालाच विचारलं नाही हो!" आतल्या शिपायांना ओळख पटावी म्हणून बाहेरच्या धन्याने आपली ओळख गहाण टाकायची, असा काही करार असतो काय? मला ते तेव्हा उमगले नाही, आजही उमगलेले नाही.

भ्रम हळूहळू उतरला. साडू घरी आले. पहिल्या तपासणीत रोग दिसला नाही. पुढेही तपासत राहावे लागेल, असे बाई म्हणाल्या. त्यानंतरच्या रविवारी मी हेब्बाळला गेलो आणि घंटा वाजवली. "या, या" ऐकण्याची मी मनाची तयारी करू लागलो. मग भिंगामागे सावली हलली.

"कोण?" आवाज फार बारीक झाला होता.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

नाव, गाव, नाते, प्रयोजन, सगळे तोंडपाठ होते. ते सांगणे मी मुद्दाम लांबणीवर टाकले. आतून अक्का ओरडली, "अहो, उपमा थंड होतोय!" मी दाराबाहेर तसाच उभा राहिलो. कडी इतक्यात निघू नये आणि त्यांनी आणखी एकदा विचारावे, एवढेच मला वाटत होते.