बर्फात घातलेला बुश

महिपत फिटर मूळचा रत्नागिरीकडचा, पण सत्तरच्या दशकात आमच्या खारी गावात बाळारामच्या पडवीत राहायचा. सुकटीची चटणी अशी चापायचा की बाळारामची बायको सुगंधा विचारायची, "मेस्तरी, तुमच्या गावाला मासली मिलत न्हाय काय?"

"मिळते की वहिनी. पण तिथं वाटेकरी भाऊ सात!"

तो असायचा खोदायच्या मशीनवर. आजची पोरं ज्याला पोकलेन म्हणतात, ते. त्याचा लोखंडी हात बकेटला जोडतात तिथं मनगटाएवढी पिन असते, आणि ती पिन ज्या नळीत फिरते तो बुश. चिखल-वाळूत दोन्ही झिजतात. महिपत बकेट हलवायला सांगायचा, खटखट ऐकायचा आणि म्हणायचा, "आजोबांचे दात हलतायत." एकदा लग्नात बाजेवाल्याच्या पेटीला कान लावून म्हणाला, "हिचेपण हलतायत." आणि खरंच, वरात निघायच्या आत पेटीचा भाता फाटला! बाजेवाला म्हणाला, "याचीच नजर लागली."

पण सांगायचं होतं ते वेगळंच. त्या वैशाखात खाडीच्या बांधाला खांड पडली. अमावस्येचं उधाण आलं की खारं पाणी शेतात शिरणार. एकदा शिरलं की त्या जमिनीत काही वर्षं भात होत नाही. आणि खांडीमागचं पहिलंच शेत बाळारामचं. महिपतच्या ठेकेदाराचं मशीन माती टाकायला आलं, काम निम्म्यावर आलं आणि बकेट एका अंगाला लोंबली. बुश फुटला होता, पिन झिजून बारीक झालेली.

"पानी आत आला का आमी संपलो, मेस्तरी," बाळाराम म्हणाला. चेहरा असा, की कुणाला बघवेना.

लेथवर कातून नवी पिन आणि नवा बुश आला. बुश भोकापेक्षा केसभर जाड असतो, म्हणून तर घट्ट बसतो. घणानं ठोकावा तर तडकतो. दाबून बसवायचं यंत्र तिथं कुठलं! महिपत खाडीकडे बघत बसला आणि एकदम उठला. "बाळाराम, होडीवाल्यांचा बर्फ आण. मासळीचा असला तरी चालेल."

मी तेव्हा मिठागरावर होतो, म्हणजे मीठ माझ्याकडचं. बर्फात मीठ कालवलं की किती गार होतं ते कुल्फीवाल्याला विचारा. गारठला की बुश आकसणार, तिकडे मशीनच्या कानाला, म्हणजे बुश बसतो त्या कडीला, जाळ दिला की भोक फुगणार, आणि बुश अलगद सरकणार. पण आत गेला की लगेच आवळतो, मग फिरवता येत नाही. म्हणून बुशचं ग्रीसचं भोक वर यावं आणि कानावरच्या भोकाशी जुळावं यासाठी महिपतनं बुशच्या कडेला लाल खडूची रेघ मारली. "हा लाल वर ठेवायचा," बाळारामला बजावलं आणि जाळ द्यायला गेला.

नवी वस्तू तशीच कशी बसवायची? सुगंधानं बुशच्या कडेला तेलात कालवलेलं कुंकू लावलं, हात जोडले आणि मग तो बर्फात गेला.

बाहेर काढला तेव्हा पाण्यानं खडू धुऊन गेला होता. तेलातलं कुंकू मात्र तसंच. बाळारामनं ओल्या गोणपाटात बुश धरला, लाल वर ठेवला आणि सरकवला. असा गेला, जसं लोण्यात बोट! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महिपतनं पिन घातली आणि ग्रीसची पिचकारी लावली. ग्रीस आत जाईना. पुन्हा दाबली. त्यानं कडेचं लाल बोटाला लावलं, वास घेतला. खडू नव्हे, कुंकू.

"काय झाला, मेस्तरी?"

"काय नाय," म्हणाला आणि ड्रायव्हरकडे वळला. "चालू कर."

कोरडा सांधा फार टिकणार नव्हता. काढून पुन्हा बसवायला वेळ नव्हता. मग काय, बकेट जमिनीला टेकली की महिपत तेलाचा कॅन घेऊन धावायचा, फटीतून तेल सोडायचा, हात वर करून बाजूला व्हायचा. पिन तापायची, किंचाळायची. प्रत्येक किंचाळीला बाळाराम खाडीकडे बघायचा. पाणी चढत होतं. आम्ही घमेल्यांनी माती ओतत होतो, पण घमेलं ते घमेलं. शेवटची बकेट पडली तेव्हा पाणी बांधाच्या पोटाला लागलं होतं, आणि बकेट तिथंच जाम झाली. पिन बुशात चिकटली होती.

पण पाणी बाहेरच राहिलं.

ठेकेदार आला. "महिपत, नया माल एक दिन में खलास? किसने किया ये?"

बाळारामनं तोंड उघडलं, तेवढ्यात महिपत म्हणाला, "खूण माझी चुकली, शेठ."

"तो कल से मत आना."

सुगंधा पडवीत उभी होती. तिला कुणीतरी सांगितलंच होतं. "मेस्तरी, कुंकू मी लावला."

"देवाचं काम तुम्ही केलं वहिनी, मशीनचं मी करायला पायजे होतं. मी नुसतं लाल म्हणालो. लाल काय, खडू एकटाच असतो?"

ती हसली नाही. सुकट बांधून दिली, ती त्यानं घेतली. पाने, हातोडी पिशवीत भरून सकाळी तो नव्या बांधावरून निघाला. बाळाराम शेताच्या टोकापर्यंत मागे गेला. तिथं त्यानं महिपतची पिशवी एकदा हातात धरली, मग परत त्याच्या खांद्याला अडकवली.