माझा हात, त्यांची सही

डॉक्टरबाईंनी माझ्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा तिथं खड्डा राहिला. तो भरून यायला बराच वेळ लागला.

"याला लिम्फोडिमा म्हणतात," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनमध्ये तुमच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत. हातातलं लिम्फ, म्हणजे पाण्यासारखा द्रव, त्या गाठींतून पुढे जातो. वाट बंद झाली की तो हातातच साचतो."

मग त्या माझी जुनी फाईल चाळू लागल्या आणि एका पानावर थांबल्या.

"तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

"इथं तर लिहिलंय. हाताची काळजी कशी घ्यायची ते नातेवाइकांना समजावलं. खाली सही आहे."

सही माझ्या पतीची होती. ते माझ्या शेजारीच बसले होते. मी वळून पाहिलं तर ते खाली स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुडीहत्नूरच्या सरकारी मराठी शाळेत शिक्षिका. तेव्हा तेलंगण वेगळं झालं नव्हतं, आम्ही अजून आंध्र प्रदेशात होतो, पण मोठं दुखणं आलं की आमच्याकडची माणसं बस धरून नागपूरलाच जातात. त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी मीही तशीच गेले होते. उजव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. मी वाचले. पुढची तपासणी आदिलाबादलाच करून घ्यायचे.

आठ-नऊ महिन्यांनी उजव्या हातातल्या बांगड्या निघेनात. साबण लावून काढल्या. मग ब्लाउजची बाही रुतू लागली. फळ्यावर लिहिताना हात जड व्हायचा, खडू दोनदा खाली पडायचा. मी पतींना दाखवलं. ते म्हणाले, "ऑपरेशननंतर होतेच थोडं. उतरून जाईल."

उतरलं नाही. एका डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांना हत्तीरोग वाटला, त्यांनी रक्त तपासलं. रक्त काढलं ते त्याच सुजलेल्या हातातून. मला माहीत असतं तर मी दुसरा हात पुढे केला असता.

एकदा वांगी तोडताना त्या हाताला काटा लागला. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत लाल झाला आणि हुडहुडी भरून ताप चढला. याला सेल्युलायटिस म्हणतात, कातडीखाली पसरणारा जंतुसंसर्ग. आठ दिवस आदिलाबादच्या दवाखान्यात काढले. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनीच सांगितलं, "मॅडम, या सुजेचं वेगळं क्लिनिक असतं नागपूरला. तिकडे जा." म्हणून आम्ही डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर बसलो होतो.

बाहेर बाकावर आल्यावर मी विचारलं, "अहो, काऊन नाही सांगितलं मले?"

"तू तवा भेऊन गेली होतीस. म्हटलं, अजून एक भेव कशाले."

"अन् हात सुजला तवा?"

मांडीवरची फाईल त्यांनी बाकावर ठेवली. मग म्हणाले, "तवा सांगाची लाज वाटे. मले आधीपासून मालूम होतं, हे सांगा लागलं असतं ना."

माझे पती मंडल कचेरीत, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, कारकून. लोकांच्या शेतजमिनीचे जुने कागद जपून ठेवणं हेच त्यांचं काम. माझी फाईलही तेच सांभाळत. मला इंग्रजी वाचता येत नाही असं नाही. पण फाईल त्यांच्याकडे आहे म्हणून मी ती कधी उघडलीच नाही. कॅन्सरनं मला फसवलं असं मला कधी वाटलं नाही. त्या बाकावर मात्र वाटलं, की दोन वर्षं मी एका अनोळखी माणसाबरोबर जेवत होते.

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "हा पूर्ण जात नाही, पण काबूत राहतो. सुरुवातीलाच आला असतात तर सोपं होतं. आता हात घट्ट झालाय, मेहनत लागेल."

पंधरा दिवस मी नागपूरला मावसबहिणीकडे राहिले आणि रोज क्लिनिकला गेले. तिथली थेरपिस्ट आधी टेपनं हात मोजायची. मग अगदी हलक्या हातानं, नुसती कातडी सरकवावी तशी मालिश करायची. त्यावर बोटांपासून खांद्यापर्यंत पट्ट्यांचे थर, आणि ते बांधलेले असतानाच व्यायाम. पहिल्या रात्री मला पदरही सावरता येईना. चौथ्या दिवशी टेपवर माप कमी आलं.

ती म्हणाली, "घरी पट्टी बांधायला मिस्टरांना शिकवते."

"नको," मी म्हटलं. "मी शिकते."

डाव्या हातानं उजव्याला पट्टी बांधणं फार अवघड. दातांत टोक धरायचे. घरी पती दारात उभे राहून पाहायचे. कित्येक महिन्यांनी एकदा पट्टी सुटून घरंगळत गेली. त्यांनी ती उचलून गुंडाळली आणि टोक धरून उभे राहिले. मी नको म्हटलं नाही. त्याला माफी म्हणायची की सवय, मला अजून ठरवता येत नाही.

ज्यांच्या काखेतल्या गाठी काढल्या असतील त्यांनी ऐका. त्या हातातून रक्त काढू देऊ नका, जमेल तेव्हा बीपीही दुसऱ्या हातावर बघायला सांगा. कातडी कोरडी पडू देऊ नका, काट्याकुट्यात हातमोजा घाला. हात जड वाटला, बाही रुतली, तर त्याच आठवड्यात दाखवा. लाली आणि ताप आला तर त्याच दिवशी. आणि फाईल स्वतः वाचा.

माझा उजवा हात आजही डाव्याहून जाड आहे. दिवसभर सूज दाबून ठेवणारा, बाहीसारखा घट्ट मोजा घालते. फळ्यावर लिहिते.

मागच्या उन्हाळ्यात नार्नूरकडचं एक जोडपं माझ्याशी बोलायला घरी आलं. बाईचं तेच ऑपरेशन ठरलं होतं. ती आत पाणी पीत होती. नवरा मला ओसरीवर हळूच म्हणाला, "मॅडम, हाताचं काई बोलू नका तिच्यापाशी. लय भेऊन राह्यली ती."

मी काही बोलायच्या आत माझे पती खुर्चीतून उठले.

"सांगू द्या तिले," ते म्हणाले. "हात तिचा हाय."

हे वाक्य मला हवं होतं, माझ्या वेळी. मिळालं ते तिला. मी डोळे पुसले आणि आत तिच्याजवळ जाऊन बसले.