समुद्रमंथनातलं कासव

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात मी पॅकिंग विभागाची प्रमुख झाले, त्याच वर्षी वार्षिक दिनासाठी वरून विषय आला: आपल्या प्राचीन ग्रंथांतले नेतृत्वाचे धडे. बाकीचे विभाग स्लाइड करायला बसले. माझ्याकडच्या कोणालाच माईकसमोर बोलायचं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, आपण समुद्रमंथन करू. दोर ओढायचा, पाठांतर फारसं नाही.

खनिजाच्या ट्रकांवर ताडपत्री बांधायचा जाड दोर एकीच्या नवऱ्याकडे पडून होता. त्याला हिरवं कापड शिवून आम्ही साप केला. रिकाम्या पिंपाला गोणपाट गुंडाळल्यावर डोंगर झाला. अडलं ते माणसांवर. विभागात अर्ध्या डिचोलीच्या बायका, अर्धे बेळगाव-कोल्हापूरकडचे तरुण, आणि दोघांनाही देवच व्हायचं होतं.

"आम्ही बाहेरचे म्हणून राक्षस आम्हीच काय ओ मॅडम?" बेळगावकडचा मशीन ऑपरेटर म्हणाला. हसत म्हणाला, पण पुरतं हसू नव्हतं ते.

संध्याकाळी मी हळर्णला आईला फोन लावला. श्रावणात ती देवळात पुराण ऐकायला बसते, त्यामुळे ही गोष्ट तिला तोंडपाठ.

"असुरांनी सापाच्या तोंडाकडची बाजू का मागितली गं?"

"मान होयो होतो तेंका. शेपटी धरूक लाज दिसली. मगे सापाच्या वाफेन होरपळले." मग म्हणाली, "तसे भाव-भावच गो ते, एकाच बापायचे. आनी कासवाक विसरू नको. डोंगर बुडाक लागलो तेन्ना देवच कासव जावन खाली बसलो."

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. भाऊ-भाऊ म्हटल्यावर वाद विरघळला. दोन्ही बाजूंना बायका आणि तरुण मिसळून उभे राहिले. तेवढ्यात आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंनी विचारलं, "मॅडम, कासव कोण?"

कासवाला संवाद नाही, वर तोंडही दिसत नाही. मी हात वर केला. मग जो हशा उसळला, तो बघायला शेजारच्या विभागातले लोक दारात आले.

रोज सुट्टी झाल्यावर तालीम व्हायची. मी गुडघे-हात टेकून बसायची. पाठीवर उशी, उशीवर फळी, फळीवर पिंप. वरून चादर. आतून मला फक्त पाय दिसत: रंगवलेली नखं, जोडवी, कारखान्याचे जड बूट. एका बाजूने जोर वाढला की वजन लगेच खांद्यावर सरके. "डावीकडे सैल सोडा," मी आतून ओरडायची. हळूहळू ओरडायची गरज उरली नाही. पायच एका ठेक्यात पडायला लागले, आणि चादरीखाली मला फार बरं वाटायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी टाळ्या ऐकून देवांना चेव आला. पिंप कलंडलं. ते पडायच्या आत दोन्हीकडच्यांनी दोर सोडून त्याला मिठी मारली.

"लागलं काय ओ मॅडम?" ऑपरेटर चादर उचलून विचारत होता.

"मला काही झालं नाही. ओढा, अमृत राहिलंय," मी म्हटलं. ते माईकने पकडलं आणि सभागृह हसून लोळायचं बाकी राहिलं.

शेवटी मोठ्या साहेबांनी मंचावर येऊन धडा विचारला. मी अजून गुडघ्यांवरच होते.

"खालून सगळ्यांचे पाय दिसतात, सर," एवढंच सुचलं.

अमृत म्हणून कोकम सरबताचा घडा होता. पुराणात असुरांना ते मिळत नाही. पण वडीलधाऱ्या बाई घडा घेऊन सरळ असुरांकडे वळल्या. "पयलीं तुमी पियात. तुमीच चड घामेल्यात," म्हणाल्या, आणि मग देवांना, साहेबांना, पहिल्या रांगेलाही वाटत सुटल्या. मला ग्लास मिळाला तेव्हा पाठ ताठली होती, आणि मी हसत होते.