पाच हजार चाळीस ओळी

नोरीन टॅलिसला एका जागी बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. लोकरीची प्रत ठरवण्यात तीस वर्षं गेली, आता निवृत्त झाली, तरी टोस्ट करपेपर्यंत बाई अंगणात चकरा मारायची. डोक्यात एकच आकडा, पाच हजार चाळीस. चर्चच्या मनोऱ्यातल्या सात घंटा एकामागून एक वाजवायचे तेवढेच क्रम होतात, एक जास्त नाही की कमी नाही. असा एकेक क्रम म्हणजे एक ओळ. प्रत्येक ओळ एकदाच, कागद न बघता, न थांबता वाजवली की आवर्तन पुरं. तीन तासांचं काम.

गावात ते कधी तडीस गेलं नव्हतं. एकदा दोर तुटला. एकदा वणव्याचा भोंगा वाजला आणि निम्मे वाजवणारे बंबाकडे पळाले, गावचे आग विझवणारेही तेच.

"एकपासून दहापर्यंत कशानंही भाग जातो त्याला," ती क्लेमला ऐकवायची. "नुसते सात, आठ, नऊ, दहा गुणलेस तरी तेच येतं!"

"अकरानं जातो?"

"नाही."

"मग कशाला एवढी नाचतेस गं?"

क्लेम पास्को एक्याऐंशीचा. चौथी घंटा चाळीस वर्षं त्याचीच. खांदे पार कामातून गेले होते, डॉक्टर नको म्हणत होते. पण हे एक आवर्तन वाजवायचं, मनोऱ्यात आवर्तन पुरं करणाऱ्यांची नावं लावायच्या फळीवर आपलं नाव बघायचं आणि मग दोर सोडायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी दहाला सुरुवात झाली. पाचवी घंटा नोरीनकडे, क्रम कुठे बदलायचा त्याच्या हाका देणंही तिच्याकडेच. पंचवीस मिनिटं झाली असतील. तिचं उतावळं मन पुढच्या हाकेकडे धावलं आणि ती क्रमातल्या क्लेमच्या जागी वाजवू लागली. तो बिचारा तिच्या. चाळीस ओळींनी तिच्या ध्यानात आलं. तिनं मानेनं खुणावलं, दोघं आपापल्या जागी आले. कोणाला पत्ता लागला नाही. ओळखीचं अडखळणं, लगेच सावरलं, असं क्लेमला वाटलं.

पण ह्या आकड्यात लपायला जागाच नाही. चौथी-पाचवीची अदलाबदल झालेल्या त्या चाळीस ओळी पुढे आपल्या जागी पुन्हा येणार होत्या, आणि खऱ्या चाळीस कायमच्या राहिल्या होत्या. थांबायचं, पहिल्यापासून सुरू करायचं, एवढाच नियम. 'थांबा' म्हणायचं सोडून तिनं पुढची हाक दिली. तिलाही फळीवर नाव हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं. अडीच तास ती दोर ओढत राहिली आणि स्वतःला शिव्या देत राहिली.

एक वाजता शेवटची ओळ झाली. बाहेर हिरवळीवर टाळ्या, सॉसेजचा धूर. क्लेम बाकावर बसून हसत होता, रडत होता.

तिला राहवेना. "क्लेम, खोटं झालं रे." तिनं सगळं सांगून टाकलं.

"तुला कळलं केव्हा?"

"तेव्हाच."

त्यानं मांडीवरच्या हातांकडे बघितलं. "तेव्हा बोलली असतीस तर पुन्हा सुरू केलं असतं," तो म्हणाला. "तेव्हा माझे हात चालत होते, नोरीन."

कोणीतरी त्याच्यासाठी बिअर आणून ठेवली होती. त्याला ग्लास उचलता येईना. तिनं तो उचलून त्याच्या ओठांशी नेला. त्यानं तोंड फिरवलं.